अवजारांवर मराठीत नाव कोरून घेताना: माझा अनुभव

खंडेनवमीच्या आत वर्कशॉपमधल्या अवजारांवर आमचं नाव आणि चिन्ह कोरून घ्यायचं ठरवलं. काळे ऑक्साइड कोटिंगचे सॉकेट, क्रोमचे पाने, पावडर कोटिंगचे टूलबॉक्स. भोसरीत फायबर लेझरवाला (धातूवर लेझरने कोरून देणारा) मिळाला. चिन्ह झकास उठलं. अडलं ते नावावर.

नावात ‘श्री’ आहे, शेवटी ‘वर्क्स’. लेझरच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाकला की जोडाक्षरं फुटायची, रफार जागा सोडायचा, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसायची. ऑपरेटर म्हणाला, “साहेब, इंग्लिशमध्ये टाका ना, सगळे तसंच करतात.” आजूबाजूच्या शेडमध्ये निम्मी माणसं मराठी बोलणारी, आणि पान्यावर मराठी नाव नको! दुसरीकडे गेलो, तिथेही तेच उत्तर. अजून आठवलं की डोकं तापतं, कारण दोष मशीनचा नव्हताच. लेझरला अक्षर कळत नाही, त्याला फक्त रेषा लागते.

म्हणून रेषाच नेली. घरी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडमधल्या ‘मुक्ता’ फॉन्टने नाव टाइप केलं (फॉन्ट फुकट आहे) आणि ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करून त्याचे आकार केले. पण तेवढ्याने भागत नाही. शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा जिथे एकमेकींवर चढतात, तेवढा तुकडा लेझर भरत नाही, रिकामा सोडतो. सगळी अक्षरं निवडून ‘युनियन’ केलं की शिरोरेषा सलग होते. मग त्याची डीएक्सएफ फाइल केली, म्हणजे नुसत्या रेषांची फाइल, जी लेझरचं सॉफ्टवेअर उघडतं. ती उघडल्यावर ऑपरेटर गप्प झाला आणि ‘श्री’ जसाच्या तसा सॉकेटवर उतरला. त्या क्षणी फार बरं वाटलं.

ऑक्साइडचा थर अगदी पातळ, हलका हात पुरतो. पण कोरलेल्या जागी लगेच तेल लावा, नाहीतर गंज धरतो. क्रोमवर खोल कोरू देऊ नका, प्लेटिंग फुटतं. पावडर कोटिंग जाड असतं, दोन-तीन फेऱ्या लागतात, मधे स्पिरिटने काजळी पुसायची. आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: पकडीच्या पीव्हीसी मुठीवर लेझर अजिबात मारू देऊ नका. क्लोरीनयुक्त विषारी धूर निघतो, माणसाला घातक आणि मशीनच्या लोखंडालाही. गोल सॉकेटसाठी लेझरवाल्याकडे रोटरी (कोरताना गोल वस्तू फिरवणारी जोडणी) आहे का, तेही जाण्याआधी फोनवरच विचारा. बारीक अक्षरात शिरोरेषा आणि मात्रा एकमेकांत मिसळतात, म्हणून नाव जरा मोठंच ठेवा.