गणपती करता करता मारुती

कादंबरीकाराची मुलाखत असली की श्रोत्यांतून एक प्रश्न हमखास येतो. ‘लिहायला बसता तेव्हा शेवट ठरलेला असतो का?’ विचारणाऱ्याला खरं तर ‘नाही’ हेच ऐकायचं असतं. लेखकाने छताकडे बघावं आणि म्हणावं, छे, मी काहीच ठरवत नाही, पात्रंच मला हाताला धरून नेतात. मग सभागृह कसं तृप्त होतं. उलट एखाद्याने प्रांजळपणे सांगितलं की हो, सगळं ठरलेलं असतं, प्रकरणांची यादी टेबलासमोर चिकटवलेली असते, तर लोक हिरमुसतात. प्रतिभावंताला हजेरीपत्रकावर सही करताना पाहिल्यासारखे चेहरे होतात.

मला मात्र यादीवाले आवडतात. निदान त्यांचे कागद तरी. पात्रं हाताला धरून नेतात या म्हणण्यावर माझा कधी फारसा विश्वास बसला नाही. नाबोकोव्हला एका मुलाखतकाराने हेच छेडलं, तेव्हा आपली पात्रं म्हणजे गलबतावर वल्ही मारणारे गुलाम आहेत, असं त्याने सुनावलं होतं. गडी लिहायचा पुठ्ठ्याच्या छोट्या कार्डांवर, तेही क्रमाने नाही. आज मधलं प्रकरण, उद्या सुरुवात, मग मनाला येईल ते. हे ज्याला जमतं त्याच्या डोक्यात आख्खी कादंबरी आधीच उभी असणार. तिथे पात्रांना तोंड उघडायला वाव कुठला?

कागदांत सर्वांत लोभस कागद डिकन्सचे. त्याच्या मोठ्या कादंबऱ्या बहुतेक महिन्याच्या हप्त्यांनी निघत, दर हप्ता बत्तीस पानांचा. १८४६ पासून त्याने प्रत्येक हप्त्यासाठी एक कागद करायची सवय लावून घेतली. कागदाचे दोन भाग. उजवीकडे प्रकरणांची नावं आणि त्यांत काय काय घडतं ते, म्हणजे आपण ज्याला आराखडा म्हणू तो. पण खरी गंमत डावीकडे आहे. तिथे डिकन्स स्वतःलाच प्रश्न विचारतो. अमक्याला या हप्त्यात आणायचं का? तमकीचं गुपित फोडायचं का? आणि शेजारी स्वतःच उत्तर देतो. हो. नाही. अजून नको. पुढच्या हप्त्यात बघू. एखाद्या चिडखोर साहेबापुढे फायली ठेवणारा कारकून आणि तो साहेब, दोघेही एकाच माणसाने वठवावेत, तसं ते वाचताना वाटतं.

त्याची गरजही समजण्यासारखी आहे. पहिला हप्ता लोकांच्या हातात पडतो तेव्हा पुढचे बहुतेक हप्ते लिहूनच व्हायचे असतात, आणि छापलेलं मागे घेता येत नाही. तिसऱ्या हप्त्यात ज्याचा पाय लंगडा केला, त्याला पंधराव्यात पळवता येत नाही. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि आपल्या कादंबऱ्या त्यातून क्रमशः छापल्या. महिन्याचं नव्हे, आठवड्याचं बंधन! आधी सगळं लिहून मग सावकाश खाडाखोड करत बसायची चैन या मंडळींना नव्हती.

आता याच्या अगदी उलट टोकाला अँथनी ट्रोलप. टपाल खात्यातली नोकरी सांभाळून हा माणूस पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा. समोर घड्याळ ठेवायचं आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द पाडायचे. इतका शिस्तीचा माणूस कथानकाचा तक्ताही आखत असेल, असं कुणालाही वाटेल. पण आत्मचरित्रात तो साफ सांगतो की कादंबरीला बसतो तेव्हा ती कशी संपणार हे मला माहीत नसतं, आणि त्याची मला फारशी फिकीरही नसते. शब्दांचा हिशेब चोख आणि कथा रामभरोसे. लगेच पुढे तो विल्की कॉलिन्सच्या आखीवरेखीवपणाला चिमटा काढतो. कॉलिन्स सगळं बारीकसारीक आधी ठरवतो, त्यामुळे वाचताना सतत ध्यानात ठेवावं लागतं की अमुक गोष्ट मंगळवारी पहाटे बरोबर अडीच वाजता घडली, किंवा बाई चौथ्या मैलाच्या दगडापुढे पंधरा यार्डांवर नाहीशी झाली. चिमटा झकास आहे. पण कॉलिन्सचं रहस्य उलगडायचं ते त्या पंधरा यार्डांवरच, हेही खरंच.

ट्रोलपचीच दुसरी गोष्ट. एका मालिकेत त्याने मिसेस प्राउडी नावाची एक खाष्ट बिशपीणबाई रंगवली होती. एकदा तो क्लबात बसलेला असताना शेजारी दोन पाद्री त्याच्या कादंबऱ्यांवर तोंडसुख घेत होते. तीच तीच पात्रं, तीच ती प्राउडीबाई, वगैरे. ट्रोलप उठला, गुन्हेगार मीच अशी ओळख करून दिली, आणि म्हणाला, घरी जातो आणि आठवडा संपायच्या आत तिला मारतो. शब्द पाळलाही. १८६७ साली पुस्तक पुरं झालं तेव्हा बाई गेलेल्या होत्या. पुढे आत्मचरित्रात या खुनाबद्दल तो थोडा हळहळतो. कुठल्याही आराखड्यात न बसणारी ही घटना, पण वाचताना ती उपरी वाटत नाही. इतकी वर्षं तो त्या बाईबरोबर राहिला होता. ती कशी मरेल हे त्याला न ठरवताही ठाऊक असणार.

म्हणून न ठरवणारे खरोखर काही ठरवत नाहीत का, अशी मला शंका येते. ते ठरवतात, फक्त उशिरा आणि महागात. त्यांचा पहिला खर्डा हाच त्यांचा आराखडा. ठरवणारा चार कागद फाडतो, न ठरवणारा चारशे. दोस्तोयेव्हस्कीने १८६७ च्या हिवाळ्यात जिनिव्हात बसून बरीचशी लिहिलेली कादंबरी सरळ टाकून दिली. मासिकाकडून उचल घेऊन झाली होती, डोक्यावर देणी होती, आणि मासिकात कादंबरीचा पहिला हप्ता द्यायची वेळ महिन्याभरावर आलेली. नव्या गोष्टीच्या शोधात मधले पंधरा दिवस कसे गेले, ते त्याने एका मित्राला पत्रात कळवलं. दिवसाला सरासरी सहा आराखडे, त्याहून कमी नाहीत! याला ठरवणारा म्हणायचं की न ठरवणारा? शेवटी पहिली प्रकरणं रवाना झाली तेव्हाही पुढचं त्याला धड ठाऊक नव्हतं.

आणि टॉलस्टॉय! त्याला गोष्ट लिहायची होती १८५६ सालची. सैबेरियातली शिक्षा भोगून एक म्हातारा बंडखोर घरी परततो, अशी. मग वाटलं, याचं बंड दाखवायला हवं, म्हणून तो मागे गेला १८२५ मध्ये. मग वाटलं, याची जवानी कळायला हवी, म्हणून १८१२, नेपोलियनची स्वारी. मग नुसता विजयच लिहायचा आणि त्याआधीचे पराभव लपवायचे, याची लाज वाटली, म्हणून १८०५. तिथून जी गाडी सुटली ती हजारभर पानांनंतर, उपसंहार धरूनही, १८२० ला थांबली. ज्या म्हाताऱ्यासाठी हा सगळा घाट घातला, तो ‘वॉर अँड पीस’मध्ये शेवटपर्यंत घरी पोचलाच नाही. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, पण मारुती असा झाला की गणपतीची आठवण कुणी काढत नाही.

माझी एक मैत्रीण कादंबऱ्या लिहिते. तिचा आराखडा संगणकावर, रकान्यांचा. आडव्या ओळीत प्रकरणं, उभ्या रकान्यात माणसं. चौकोनात मात्र कोण काय करतं हे लिहिलेलं नसतं. कोणाला काय ठाऊक आहे, ते असतं. ‘अगं, काय घडणार ते मला सुचतं गं,’ ती म्हणते, ‘पण सुनेला ते पत्र सापडतं अकराव्या प्रकरणात, आणि बया सातव्यातच त्यावरून टोमणे मारत असते!’ तिच्या पहिल्या कादंबरीत एका पात्राचं गरोदरपण तेरा महिने चाललं होतं. चार जणांनी हस्तलिखित वाचलं, कौतुक केलं, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी संपादकांनी फोन करून विचारलं की बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना. तेव्हापासून रकाने. फॉकनरने १९५४ च्या आपल्या एका कादंबरीसाठी एका आठवड्यातल्या घटना वारांप्रमाणे लिहिण्याच्या खोलीतल्या भिंतीवरच लिहून काढल्या होत्या. त्या अजून तिथे आहेत. तिला मी हे सांगितलं, तर म्हणाली, भिंतीवर मधे ओळ घुसवता येत नाही.

रहस्यकथेत तरी सगळं आधी पक्कं असेल ना? अगाथा ख्रिस्तीच्या त्र्याहत्तर वह्या शिल्लक आहेत. वाणसामानाच्या यादीशेजारीच विषप्रयोगाची टिपणं. आणि त्यांत खुनी कोण हे अनेकदा तिचंच ठरत नसतं. हा असेल तर असं, ती असेल तर तसं, असे पर्याय मांडून ठेवलेले. आपण चहा घेत मोठ्या चतुराईने ज्याच्यावर संशय घेतो, त्याच्यावर तिनेही काही काळ घेतलेला असतो!

डिकन्सची शेवटची कादंबरी बारा हप्त्यांची ठरली होती. १८७० मध्ये तो गेला तेव्हा सहाच लिहून झाले होते. भाचा बेपत्ता, संशय मामावर. शेवट ठरलेला होता. खून मामानेच केलेला, असं डिकन्सने आपल्याला सांगितल्याचं त्याचा मित्र आणि चरित्रकार फॉर्स्टर लिहून गेला. प्रकरण तिथे मिटायला हवं. पण वाचक ऐकतात होय? कोण म्हणालं भाचा जिवंत आहे, कोण म्हणालं फॉर्स्टरला डिकन्सने मुद्दाम चकवलं, कोण म्हणालं सांगितलं असेल तसं, पण पुढे त्याने बेत बदललाच असता. १९१४ मध्ये लंडनला या मामावर चक्क लुटुपुटूचा खटला भरला. न्यायाधीश लेखक चेस्टरटन, ज्यूरीचा प्रमुख नाटककार बर्नार्ड शॉ. ज्यूरीने सदोष मनुष्यवधाचा निकाल दिला, म्हणजे इकडेही नाही आणि तिकडेही नाही. त्यावर न्यायाधीशमहाराजांनी स्वतःला वगळून हजर असलेल्या तमाम मंडळींना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवलं.