वीस पौंड एक पेनी

जूनचं युनिव्हर्सल क्रेडिटचं, म्हणजे इथे इंग्लंडमध्ये कमी उत्पन्नवाल्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचं, स्टेटमेंट मोबाईलवर उघडलं तर खाली कपातीच्या चार ओळी. ॲडव्हान्सचे २०.००, वीज-गॅसची जुनी बाकी २०.०१, पाण्याची बाकी २०.०१ आणि वीज-गॅसच्या चालू वापराचे ५८. मला आधी वाटलं दुसऱ्याच कुणाचं उघडलंय की काय, मग वर नाव बघितलं, माझंच.

थोडं मागचं सांगते. इंग्लंडमध्ये येऊन मला बारा वर्षं झाली, आयएलआर (कायम राहायची परवानगी) आहे म्हणून क्लेम तरी करता आला, नाहीतर आपले बरेच लोक इथे वर्क व्हिसावर असतात आणि त्यांना सरकारी मदतीचा हक्कच नसतो. त्यामुळे हा विषय मराठी ग्रुपवर कधी निघत नाही. ज्यांना हक्क नाही ते बोलणार काय, आणि ज्यांना आहे ते लाजेनं गप्प. मीही गप्पच होते. जानेवारीत वेअरहाऊसची नोकरी गेली, फेब्रुवारीत क्लेम टाकला, पहिले पैसे यायला पाच आठवडे लागतात म्हणून ४८० पौंड ॲडव्हान्स घेतला, तो २४ महिन्यांत फेडायचा. आई साताऱ्याहून फोनवर विचारायची, पैसे पुरतात ना गं? हो गं, पुरतात.

आता हिशोब. पंचविशीच्या पुढच्या एकट्या माणसाला एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात स्टँडर्ड अलाउन्स, म्हणजे मूळ भत्ता, महिना ४००.१४ पौंड होता. घरभाड्याचं वेगळं येतं पण ते भाड्यातच जातं, उलट वरचे थोडे आपल्यालाच घालावे लागतात. वीज-गॅसची किंवा पाण्याची जुनी बाकी असेल तर प्रत्येकीसाठी स्टँडर्ड अलाउन्सच्या ५ टक्के कापतात, म्हणजे तेव्हा २०.०१. तो एक पेनी बघून का कुणास ठाऊक मला सगळ्यात जास्त राग आला. या सगळ्या कपातींना मिळून वर एक मर्यादा आहे, ती आधी ४० टक्के होती, २०१९ मध्ये ३० झाली, २०२१ मध्ये २५, आणि ३० एप्रिल २०२५ पासून १५ टक्के. माझ्या पहिल्या तीन ओळींची बेरीज ६०.०२, म्हणजे बरोबर १५ टक्के, काठोकाठ. पण चालू वापराचे पैसे या मर्यादेत धरत नाहीत, त्यामुळे हातात राहिले २८२. आणि १५ टक्क्यांची बातमी वाचून मी खूश झाले होते!

मग आठवायला लागलं की वीज-गॅसच्या कपातीला आपणच फोनवर हो म्हटलंय. एप्रिलमध्ये कंपनीचा फोन आला होता, बाई अगदी गोड बोलत होती, म्हणाली तुमच्या बेनिफिटमधून थेट भरायची सोय करून देऊ का, कनेक्शन तोडायची किंवा प्रीपेमेंट मीटर (आधी पैसे भरून वापरायचा) बसवायची भानगड राहणार नाही. मला वाटलं डायरेक्ट डेबिटसारखंच काहीतरी असेल, आणि खरं सांगायचं तर फोन लवकर संपावा एवढंच डोक्यात होतं. पाण्याच्या कंपनीची पत्रं तर मी उघडलीच नव्हती, ड्रॉवरमध्ये टाकत होते. ती चूक माझी.

जॉबसेंटरमध्ये, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयात, माझा क्लेम बघणाऱ्या वर्क कोचला विचारलं. तो बिचारा चांगला आहे, पण म्हणाला बाकी किती हा प्रश्न तुमचा आणि कंपनीचा, आमच्याकडे त्यांचा आकडा येतो. तिथे माझी ट्यूब पेटली. मी इतके दिवस असं धरून चालले होते की सरकारनं कापलंय म्हणजे कुणीतरी बिलं तपासली असतील, वीज-गॅसची १,३४० पौंड बाकी आहे म्हणजे आहेच. कुणीही काही तपासलेलं नव्हतं. कंपनीनं आकडा सांगितला आणि कपात सुरू झाली, आणि सरकारी स्टेटमेंटवर छापून आला म्हणून मी तो आकडा खरा मानून बसले. महिना २० च्या हिशोबानं १,३४० फिटायला ६७ महिने लागतात, म्हणजे साडेपाच वर्षं.

मग एका रविवारी सगळी बिलं जमिनीवर पसरली. झालं असं होतं की २०२१ मध्ये इथे एकामागून एक वीज कंपन्या बुडाल्या, माझीही बुडाली, आणि आम्हा गिऱ्हाइकांना उचलून दुसऱ्या कंपनीत टाकलं. नव्या कंपनीनं दोन-अडीच वर्षं अंदाजानं बिलं काढली, तीही कमी. मी दर तिमाहीला रीडिंग ईमेल करत होते, ते कुठे जात होतं देव जाणे. शेवटी मागच्या हिवाळ्यात माणूस येऊन खरं रीडिंग घेऊन गेला आणि सगळा फरक एकदम माझ्या डोक्यावर.

सिटिझन्स ॲडव्हाइस या फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेतल्या काकूंनी कागद बघून पहिला प्रश्न विचारला, यातलं १२ महिन्यांपेक्षा जुनं किती? इथे मे २०१८ पासून नियम आहे की कंपनीच्या चुकीनं बरोबर बिल निघालं नसेल तर १२ महिन्यांच्या आधी वापरलेल्या वीज-गॅसचे पैसे ती नंतर मागू शकत नाही. आपण मुद्दाम अडवलं असेल तर गोष्ट वेगळी, पण माझ्याकडे ईमेलचा ढीग होता. मी फोन न करता लेखी तक्रार केली, सगळे ईमेल जोडले, खाली लिहिलं की ८ आठवड्यांत सुटलं नाही तर एनर्जी ओम्बड्समनकडे जाईन (वीज-गॅस कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी तिथे ऐकतात, फी लागत नाही). सातव्या आठवड्यात उत्तर आलं. ६१२ पौंड काढून टाकले. माफीची एक ओळ होती, ती कॉपी-पेस्ट वाटत होती, पण चालतंय.

राहिले ७२८. ते मी खरंच वापरलेत, ते देणार, त्यात वाद नाही.

काकूंनी अजून एक सांगितलं. ही कपात कायद्याच्या भाषेत आपल्या ‘हितासाठी’ असते, म्हणजे लाईट जाऊ नये, गॅस बंद होऊ नये म्हणून. पण हित आहे की नाही हे ठरवताना आपल्याला विचारायला नको का? एका बाईनं याच मुद्द्यावर कोर्टात केस केली होती, आणि २०२२ मध्ये हायकोर्टानं सांगितलं की डीडब्ल्यूपीच्या (ही मदत देणाऱ्या सरकारी खात्याच्या) मार्गदर्शक सूचना बेकायदा आहेत कारण कपात ठरवायच्या आधी माणसाला आपली बाजू मांडायची संधी त्यात नव्हती. २०२३ मध्ये अपील कोर्टानंही तेच कायम ठेवलं. हे ऐकून मला एवढं बरं वाटलं की मी घरी येऊन क्लेमच्या ऑनलाईन जर्नलमध्ये, जिथे त्यांना निरोप लिहितात, अर्धं पान लिहिलं, वीज-गॅसच्या कपातीची संमती काढून घेतेय, कंपनीशी थेट हप्ता ठरवलाय, पत्र जोडलंय. कंपनी महिना १२ पौंडांवर तयार झाली होती. तेही सहज नाही, उत्पन्न आणि खर्चाचा तक्ता भरून दिल्यावर.

पण ज्याच्या घरी बिल दिसलं की पोटात गोळा येतो त्यानं लगेच माझ्यासारखं करू नये असं माझं मत आहे. माझ्या ओळखीच्या एक ताई कपातीवरच खूश आहेत, त्या म्हणतात पैसे हातात आले की उडतात, आधीच कापलेले बरे, आणि खरंच त्यांना हीटर बंद पडायची धास्ती राहिलेली नाही. मला मात्र कुठल्या आठवड्यात काय भरायचं ते माझं मला ठरवायचं होतं.

पाण्याचं प्रकरण वेगळंच. घराचं पाणी बाकीपायी तोडता येत नाही, १९९९ च्या कायद्यानंच ते बंद केलंय. म्हणजे ज्याची मला सगळ्यात कमी भीती असायला हवी होती त्याचीच पत्रं मी ड्रॉवरमध्ये लपवून बसले होते. ती शेवटी उघडली तर तिसऱ्याच पत्रात कमी उत्पन्नवाल्यांसाठी सोशल टॅरिफचा, म्हणजे सवलतीच्या दराचा, फॉर्म होता, फेब्रुवारीचा. फेब्रुवारीचा! तो ऑगस्टमध्ये भरून पाठवला.

सप्टेंबरच्या स्टेटमेंटमधून वीज-गॅसच्या दोन्ही ओळी गेल्या. पाण्याचे २०.०१ अजून आहेत, टॅरिफ मंजूर झाल्याचं पत्र आलंय, बाकीचं काय करायचं ते कळवतो म्हणालेत. मीटरचा फोटो आता दर एक तारखेला काढते, तारीख दिसेल असा, आणि मलाच ईमेल करते. परवा आईनं परत विचारलं, पुरतात ना गं? म्हटलं, नाही पुरत गं, पण आता कुठे जातात ते तरी कळतंय.