नुसता मित्र

शनिवार, रात्री दहा

आज तलावपाळीवर म. भेटला. गडकरी रंगायतनच्या बाजूला कठड्यावर तासभर बसलो. विषय काय, तर त्याच्या आईचे गुडघे आणि माझ्या लेकीची अकरावी. उठताना बघते तर समोर शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकू. आधी म.कडे बघितलं, मग माझ्याकडे. "काय गं, फिरायला?" म्हटलं, "हो काकू. हा माझा मित्र."

'नुसता मित्र' म्हटलं नाही, याचंच बरं वाटतंय. या 'नुसता'ने फार छळलंय. नुसता भात म्हणजे वरण नाही, हे कळतं. नुसता मित्र म्हणजे काय नाही?

आमची मैत्री झाली ठाणे स्टेशनच्या फलाटावर, कॉलेजात असताना. गाडी लागली की तो जनरलला, मी लेडीजला. त्याआधीची सात-आठ मिनिटं तेवढी आमची. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली याचा आम्हा ठाणेकरांना कोण अभिमान! पण फलाटावर मुलगा-मुलगी हसताना दिसली की माना वळायच्या त्या वळायच्याच.

आई म्हणाली, "राखी बांधून टाक, लोकांची तोंडं बंद होतील." आणलीसुद्धा, स्पंजची, हे एवढं फूल असलेली. म.ने ती हातातून काढून घेतली आणि डब्याच्या पिशवीच्या बंदाला बांधली. "डब्याचं रक्षण करीन," म्हणाला. पिशवी विरेपर्यंत ती तिथेच लोंबत होती.

'कधीच काही वाटलं नाही?' असं नवऱ्याने एकदा विचारलं होतं. खोटं कशाला बोलू? एका पावसाळ्यात वाटलं होतं, आठ-दहा दिवस. त्यालाही वाटलं असावं, कारण तेव्हा तो फार शहाण्यासारखा वागत होता. मग परीक्षा आली आणि ते राहूनच गेलं. नवरा हसला, पण चहाचा कप जरा जोरातच ठेवला.

म.च्या बायकोशी माझं छान जमतं. तरी नऊनंतर मी त्याला फोन करत नाही. कुणी सांगितलेलं नाही, आपलं मीच पाळते. मैत्रिणींना अकरालाही करते. याचा कधी कधी रागच येतो.

आत्ता, पावणेदहाला, त्याचा मेसेज आला: "सुखरूप पोचलो. काकूंना कळव."