टाळावरचं १८५२

विसरायच्या आधी हे लिहून टाकते: कलाकृती परदेशी नेताना वस्तूंच्या यादीत कशाहीपुढे ‘ओल्ड’ लिहू नका. कौतुकानेसुद्धा नाही. मी लिहिलं आणि ऐन ऑगस्टात नऊ दिवस घालवले.

कलाकृती अशी होती: आठ पल्सार आणि आठ टाळजोड्या. खोडदच्या जीएमआरटीसारख्या रेडिओ दुर्बिणी ज्या ताऱ्यांची स्पंदनं टिपतात, त्यांतले आठ निवडले. प्रत्येकाच्या ठेक्यावर एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर हलणारा छोटा दांडा, एका टाळावर आपटतो. वेला पल्सारची सेकंदाला अकरा स्पंदनं. त्या वेगाने टाळ वाजत नाही, नुसता खणखणाट होतो, म्हणून त्याला अकरापट संथ केला. पण बी ०३२९+५४ नावाचा एक आहे, ०.७१ सेकंदाला एक स्पंदन. तो जसाच्या तसा भजनाच्या लयीत बसतो. त्याच्यासाठी आमच्या पणजोबांची जोडी लावली. बाकीच्या सात नव्या, आळंदीहून, बिलासकट. २०२५ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रियातल्या लिंत्सला आर्स इलेक्ट्रॉनिका या कला-तंत्रज्ञान महोत्सवाच्या दिवसांत एका गटप्रदर्शनात जागा मिळाली.

माल न्यायचा तर एटीए कार्ने काढावं. मालाचा पासपोर्टच तो. वर्षभर चालतो, आणि माल परत येणार असल्यामुळे तिकडे आयात शुल्क भरावं लागत नाही. आपल्याकडे ते फिक्की ही उद्योगांची संघटना देते. अर्ज, यादी, सुरक्षा ठेव, झालं. फक्त एकदा कार्ने निघालं की यादीत नवी वस्तू घालता येत नाही.

क्लिअरिंग एजंटने पहिलाच प्रश्न टाकला, “ताई, हे वाद्य लिहू, मशीन लिहू की मूर्ती?” मी हसले. हसायला नको होतं. १९२६ साली शिल्पकार ब्रांकुशीचा कांस्य पक्षी न्यूयॉर्कला उतरला, तेव्हा तिथल्या कस्टमने त्याला कला मानलंच नाही. भांडीकुंडी आणि दवाखान्याचं सामान यांच्या रांगेत बसवून ४० टक्के शुल्क लावलं. तो पक्षी ‘कला’ ठरायला १९२८ उजाडलं, तेही कोर्टातून. आम्ही शेवटी ‘विजेवर चालणारी ध्वनिकलाकृती, सुट्या भागांसह’ असं इंग्रजीत लिहिलं आणि खाली एकेक भाग मांडला.

त्या भागांत सातव्या ओळीवर मी लिहिलं होतं, कांस्य टाळ, एक जोडी, ओल्ड, फॅमिली. सोबत फोटो. फोटोत टाळाच्या पाठीवर कोरलेलं स्वच्छ दिसत होतं: ‘श. १८५२ आषाढ’. मलाच ते दाखवायची हौस.

१२ ऑगस्ट, मंगळवार, कार्गो टर्मिनल. काउंटरवरचा तरुण अधिकारी परप्रांतातला होता, पण देवनागरी आकडे त्याला वाचता येत होते. घोळ तिथेच झाला. “मॅडम, ये अठारह सौ बावन है ना? तो ये तो पौने दो सौ साल पुराना हुआ.” म्हणजे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात आलं. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. माल थांबला.

मी म्हटलं, साहेब, हा ‘श.’ म्हणजे शके. शके १८५२ मध्ये ७८ मिळवा, १९३० येतं. पंच्याण्णव वर्षं झाली, शंभर नाहीत. तो टाळाकडे बघत राहिला. त्याच्यामागच्या भिंतीवर कालनिर्णय लटकत होतं! मी बोट दाखवलं, तिथे शके १९४७ छापलंय बघा. त्याने मान वळवून पाहिलं, आणि म्हणाला, “वो तो कॅलेंडर है.”

मग मला चेव आला. भारत सरकारने १९५७ पासून शक संवत राष्ट्रीय दिनदर्शिकेसाठी घेतलाय, राजपत्राच्या प्रत्येक अंकावर शक तारीख असते, तुमच्याच अधिसूचना त्यात छापतात! फोनवर राजपत्राचं पान उघडून त्याच्या पुढ्यात धरलं. त्याने ते नीट वाचलं, फोन परत दिला. “मॅडम, मैं मान गया. लेकिन मेरे मानने से क्या होगा? सर्टिफिकेट लाइए.” खरं सांगायचं तर तो चुकीचा नव्हता. उद्या कोणी विचारलं तर माझ्या बेरजेवर त्याने सही का करावी? पण त्या क्षणी मला हे काही सुचत नव्हतं. एजंट दादा कानाशी पुटपुटले, “ताई, ही जोडी इथंच ठेवा, बाकी माल जाऊ द्या.” तसं चालतं, यादीतलं कमी नेता येतं. पण तिच्या जागी दुसरी घालता येत नाही, आणि ज्याच्यावर अख्खं काम तोललंय तोच टाळ मुका कसा ठेवू?

वस्तू पुरावस्तू नाही असा दाखला तज्ज्ञ बघून देतात. नेमक्या दिवशी वस्तू समोर घेऊन जायचं, सोबत फोटो. मधे १५ ऑगस्ट, १६ ला गोपाळकाला, १७ ला रविवार. ते तीन दिवस मी घरात त्या टाळांकडे बघत बसले होते. आई म्हणाली, “अगं, पणजोबांनी तारीख कोरली ती हरवला तर ओळखता यावा म्हणून.”

तज्ज्ञ बाईंनी टाळ उलटा केला, ‘श.’वरून अंगठा फिरवला, दोरीचं भोक पाहिलं. “आषाढ म्हणजे वारीला घेतला असणार,” एवढंच बोलल्या. पाच मिनिटं. २१ तारखेला दाखला हातात आला, त्यात इ.स. १९३० असं स्पष्ट लिहिलेलं. २३ ला माल सुटला, गणपतीच्या चार दिवस आधी.

आता आठवलं म्हणून: लिथियम बॅटरी टाळा, साधा अडॅप्टर वापरा, एक कटकट कमी. यादीतल्या प्रत्येक सर्किटचा अनुक्रमांक लिहा; नसेल तर मार्करने आपणच घाला. आणि युरोप सोडताना पुनर्निर्यातीच्या पांढऱ्या पानावर शिक्का मारून घेतल्याशिवाय हलू नका. नाहीतर माल घरी असला तरी शुल्काचा दावा मागे लागतो. कोरलेली तारीख असेल तर भाषांतरासकट इसवी सन यादीतच लिहा. मी ते एका ओळीत लिहिलं असतं, तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती.

लिंत्समध्ये तो टाळ पाच दिवस वाजला, एकदाही अडला नाही. तिथल्या तंत्रज्ञाने आकड्यांवर बोट ठेवून विचारलं, हे काय? मी म्हटलं, विचारू नका.

दाखला आता लॅमिनेट करून टाळांच्याच पेटीत ठेवलाय. २०३० च्या आषाढात जोडी खरोखरच शंभरीची होईल आणि मग कायद्यानेच तिला देश सोडता येणार नाही. कुठे न्यायची असेल तर त्याआधी.