ड्रेस्डेनमधील पहिले सत्र: नोंदणी, विमा आणि शुक्रवारचा ताप

पदव्युत्तर शिक्षणासाठी मी सप्टेंबरच्या अखेरीस ड्रेस्डेनला पोहोचले. जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर प्रशासनाच्या कार्यालयात पत्त्याची नोंद, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, करावी लागते. त्यासाठी भाडेकरार पुरत नाही, घरमालकाच्या सहीचा वेगळा एकपानी फॉर्म लागतो, हे मला अधिकाऱ्यासमोर बसल्यावर कळले आणि हात हलवत परतावे लागले. कार्यालयात भेटीची वेळ लवकर मिळत नसल्यामुळे घर नक्की होताच ती ऑनलाइन शोधायला लागावे आणि हा फॉर्म किल्ल्यांबरोबरच मागून घ्यावा. नोंदणीनंतर नभोवाणी व दूरचित्रवाणीच्या वर्गणीचे पत्र येते. ते फसवणुकीचे वाटले तरी खरे असते. मात्र दरमहा १८.३६ युरोंची ही वर्गणी घरटी एकच असल्याने एकत्र राहणाऱ्यांनी ती वाटून घ्यावी.

आरोग्य विम्याचा पुरावा दिल्याशिवाय विद्यापीठात प्रवेशाची नोंदणी पूर्ण होत नाही. तीस वर्षांखालील विद्यार्थ्यांना सार्वजनिक विमासंस्थेचा, म्हणजे ‘क्रांकनकासे’चा, विमा सवलतीच्या दरात मिळतो. खासगी विमा सुरुवातीला स्वस्त दिसतो, पण तो घेण्यासाठी सार्वजनिक विम्यातून सूट मागावी लागते आणि एकदा घेतलेली सूट शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. माझ्या वर्गातील एकाने तो मार्ग पत्करला. डॉक्टरांचे बिल आधी खिशातून भरायचे आणि मग परताव्याची वाट पाहायची, हे त्याच्या मागे कायमचे लागले. सत्र सुरू होण्याआधीच्या दिवसांसाठी प्रवास विमा वेगळा घ्यावा.

नोव्हेंबरात एका शुक्रवारी दुपारी मला कणकण जाणवू लागली आणि संध्याकाळपर्यंत चांगलाच ताप चढला. शुक्रवारी दुपारनंतर बहुतेक दवाखाने बंद असतात, याची मला कल्पना नव्हती. मी थेट एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात गेले. तेथील परिचारिकेने पहिला प्रश्न विचारला, “तुमचे हाउसआर्ट्स्ट कोण?” नेहमीच्या डॉक्टरांसाठीचा हा शब्द मला कळला, पण उत्तर माझ्याकडे नव्हते. चार तास बसल्यावर विश्रांती घ्या, भरपूर पाणी प्या आणि पॅरासिटामॉल घ्या, एवढा सल्ला मिळाला. तोही सुपरमार्केटमध्ये पुरा होत नाही, कारण पॅरासिटामॉल फक्त औषधाच्या दुकानात, ‘आपोटेके’त, मिळते. रात्रपाळीचे दुकान कोणते, हे जवळच्या बंद दुकानाच्या दारावर लिहिलेले होते. तेथे पोहोचून घंटा वाजवली, तेव्हा दारातील हातभर झडप उघडली, आतून औषध आले आणि रात्रीच्या सेवेचे अडीच युरो जादा द्यावे लागले.

जीवावर बेतणारा प्रसंग असेल तर ११२ हा क्रमांक आहे. दवाखाने बंद असताना सोमवारपर्यंत थांबवत नसेल, पण प्रसंग तितका गंभीर नसेल, तर ११६११७ वर फोन करावा. जवळ कोणते डॉक्टर उपलब्ध आहेत, हे ते सांगतात. त्या रात्री मी तेच करायला हवे होते.

बरी झाल्यावर मी हाउसआर्ट्स्ट शोधायला निघाले. तीन ठिकाणी नवे रुग्ण घेत नसल्याचे सांगितले, चौथ्या ठिकाणी घेतले. म्हणून हा शोध धडधाकट असतानाच, शक्यतो पहिल्याच महिन्यात उरकावा. दर तिमाहीत पहिल्या भेटीच्या वेळी विम्याचे कार्ड यंत्रात घालतात, बिल हाती येत नाही. औषधाची चिठ्ठीही इलेक्ट्रॉनिक असते. आपोटेकेत तेच कार्ड दिले की औषध मिळते आणि बहुतेक औषधांमागे ५ ते १० युरो आपल्याला भरावे लागतात. नेहमीची औषधे असतील तर त्यांची ब्रँडची नव्हे, तर मूळ घटकांची नावे लिहून आणावीत, म्हणजे डॉक्टरांना अंदाज बांधत बसावे लागत नाही.

डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि रविवारी दुकाने बंद असतात. एकटेपणा अंगावर येतो तो याच दिवसांत. विद्यार्थी कल्याण संस्थेचे, म्हणजे ‘श्टुडिरेंडेनवेर्क’चे, समुपदेशन विनामूल्य असते. मी दोनदा गेले आणि आधी का गेले नाही, याचेच वाईट वाटले.

फेब्रुवारीत ऐन परीक्षेच्या सकाळी पुन्हा ताप आला. आठ वाजता दवाखान्यात फोन केला, साडेदहाची वेळ मिळाली. आजारपणासाठीचा विद्यापीठातील माझ्या विभागाचा फॉर्म मी आधीच छापून ठेवला होता. त्यावर डॉक्टरांची सही आणि शिक्का घेतला आणि दुपारी तो परीक्षा कार्यालयाच्या पेटीत टाकून घरी येऊन झोपले.