भर दुपारचा दिवा

काल भाजीबाजारात पाच मिनिटांत तिघांनी मला अडवलं. "काका, टॉर्च चालू आहे." शर्टाच्या खिशात मोबाइल, आणि त्याचा टॉर्च भर उन्हात जळतोय. चौथा स्कूटरवरून ओरडत गेला तेव्हा कुठे मी तो बंद केला. ओळख ना पाळख, पण साइड स्टँड आणि टॉर्च या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय आपल्याला पुढे जाववत नाही.

टॉर्च लावला होता भाचीपायी. टॅरो या भविष्याच्या पत्त्यांचा नवा कॅट आणलाय तिने आणि घरातल्या एकेकाला धरून भविष्य सांगत सुटलीय. "मामा, डाव्या हाताने काढ." मी काढलं ते नववं पान, हर्मिट, म्हणजे एकांतवासी. चष्मा सापडेना, म्हणून उजेड पाडून पाहिलं. बर्फाच्या शिखरावर एकटा म्हातारा, करडा झगा, एका हातात काठी, दुसऱ्यात कंदील. कंदिलात वातीच्या जागी सहा टोकांची चांदणी. पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढलेलं हे चित्र १९०९ सालचं.

"एकांत," भाची पुस्तकात बघून म्हणाली. "तुला माणसं नकोशी झालीयत."

"हे कळायला पत्ते कशाला लागतात?" स्वयंपाकघरातून बायको.

मला मात्र म्हातारा ओळखीचा वाटला. अंगावर एकच वस्त्र, काठी, दिवा. हा तर डायोजेनिस! इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्समध्ये रांजणात राहायचा तो ग्रीक तत्त्वज्ञ. त्याच्या पंथाला सिनिक म्हणत, म्हणजे कुत्र्यासारखे, आणि ही शिवी तो बिरुदासारखी मिरवायचा. गरजा कमी करत न्यायच्या, हा त्यांचा खाक्या. एका पोराला ओंजळीने पाणी पिताना पाहिलं, तर या गृहस्थाने झोळीतला प्याला फेकून दिला. पोराने मला हरवलं म्हणाला.

हा भर दिवसा दिवा पेटवून फिरायचा. का, तर म्हणे माणूस शोधतोय. 'प्रामाणिक' माणूस हे लोकांनी मागाहून चिकटवलं, मुळात नुसता माणूस. "काका, दिवा चालू आहे" असं अथेन्समध्येही कुणीतरी म्हटलंच असणार.

भाचीला म्हटलं, या पानाचा अर्थ एकांत नव्हे, बाजार. माणूस शोधायला डोंगरावर कोण जातं? डायोजेनिसने एकदा "माणसं हो, या" अशी हाक दिली. लोक जमले, तर काठी उगारून म्हणतो, मी माणसांना बोलावलं होतं, गाळाला नाही. आता बर्फात उभं राहून हे कुणाला ऐकवणार? तिरस्कार करायलासुद्धा गर्दी लागते.

भाचीने मोबाइलवर शोधून माझा सिद्धांत पाडला. पंधराव्या शतकातल्या इटालियन पानावर म्हाताऱ्याच्या हाती कंदील नाहीच, वाळूचं घड्याळ आहे. मी विषय बदलला आणि सिकंदराची गोष्ट काढली. हवं ते माग, सिकंदर म्हणाला. हा म्हणाला, बाजूला हो, ऊन अडवतोयस.

हे सांगता सांगता आजोबा आठवले. त्यांची तीन सेलांची बॅटरी होती. सेल मंद झाले की ते ओट्यावर उन्हात ओळीने मांडायचे आणि दुपारभर पापडासारखे उलटत राहायचे. संध्याकाळी थोडा उजेड परत यायचा, पिवळा, आजारी. मी बघायला वाकलो की, "सावली पाडू नकोस रे." यात तत्त्वज्ञान काही नव्हतं, नव्या सेलांसाठी तालुक्याला जावं लागायचं. आणि असे जिवंत केलेले सेल ते दिवसाढवळ्या खर्च करायचे. कणगीत बॅटरी मारायचे, माळ्यावर, कॉटखाली. काय शोधताय विचारलं तर, "काही नाही."

ते गेले तेव्हा सेल आतच राहिले. बऱ्याच वर्षांनी मी झाकण फिरवायला गेलो, तर सेल गळून सगळं आत घट्ट धरलेलं. अजून उघडत नाही.