ई-रीडरवर कोर्सचा अभ्यास: सगळं अडतं ते पीडीएफपाशी

एका कोर्सचं सगळं वाचन सहा इंची ई-रीडरवर नीट लावता येतं. मी लावलंय आणि ते उत्तम चालतं. पण ए-फोर पानाची पीडीएफ 'वाचनसाहित्य' म्हणून हातात ठेवणाऱ्यांवरचा राग मात्र अजून गेलेला नाही.

ईपब, म्हणजे स्क्रीनच्या मापाप्रमाणे मजकूर मांडून घेणारी ई-पुस्तकाची फाइल असेल तर प्रश्नच नाही. कॉम्प्युटरवर कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, फायली त्यात टाका, केबल लावून पाठवा. किंडलमध्ये केबलनं टाकलेली ईपब उघडत नाही. कॅलिबरला ती एझेडडब्ल्यू३ या किंडलच्या फाइल प्रकारात बदलू द्या, नाहीतर सेंड टू किंडल या अ‍ॅमेझॉनच्या इंटरनेटवरून फाइल पाठवायच्या सोयीनं पाठवा. एवढंच.

आता पीडीएफ. ए-फोर पान २१० मिलिमीटर रुंद, आणि सहा इंची स्क्रीन जेमतेम ९० मिलिमीटर. म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर ५ पॉइंटांवर येतं. मोठं करून वाचायचं म्हटलं तर प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवा, आणि ई-इंक, म्हणजे ई-रीडरची कागदासारखी स्क्रीन, प्रत्येक वेळी नव्यानं रंगणार. असं दोन पानंसुद्धा वाचून होत नाहीत.

त्यावर 'कॅलिबरमध्ये ईपब करून घे' हा सल्ला सगळीकडे मिळतो. साध्या गद्याला तो कसाबसा चालतो, अभ्यासाच्या मजकुराला नाही. पीडीएफमध्ये सहसा परिच्छेद साठवलेलेच नसतात. कुठलं अक्षर पानावर नेमकं कुठे बसवायचं, एवढंच असतं. त्यामुळे रूपांतरात पानांचे क्रमांक वाक्याच्या मधोमध येतात, तळटीपा परिच्छेदात घुसतात आणि सूत्रांचा चुरा होतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टातल्या देवनागरी नोट्स असतील तर रोमन अक्षरांची निरर्थक रांगच हाती येते.

खरा उपाय म्हणजे पान कापणं. चारी बाजूंचे कोरे समास काढले की २५-२५ मिलिमीटर समास असलेल्या पानावर मजकुराची रुंदी १६० मिलिमीटर उरते. ई-रीडर आडवा धरला की स्क्रीन सुमारे १२० मिलिमीटर रुंद मिळते, आणि तेच १२ पॉइंटचं अक्षर ९ पॉइंटांचं दिसतं. हे आरामात वाचता येतं.

दोन कॉलमांच्या शोधनिबंधांना लोक उगाच घाबरतात. त्यांचा एकेक कॉलम साधारण ८५ मिलिमीटर असतो, म्हणजे वेगळा काढला की उभ्या स्क्रीनवर जवळपास मूळ आकारात बसतो! हे काम के-टू-पीडीएफ-ऑप्ट हा मोफत प्रोग्रॅम करतो. तो पानाकडे चित्र म्हणून बघतो आणि पांढऱ्या फटींवरून तुकडे पाडतो, म्हणून स्कॅनवरही चालतो. मात्र तक्ते आणि अनेक ओळींची समीकरणं असतील तर शब्द नव्यानं मांडायची सोय बंद ठेवा आणि फक्त समास कापून घ्या. नाहीतर तक्त्यातले रकाने एकमेकांखाली येतात.

सगळ्यात वैताग आणतात ते उघडं पुस्तक मशीनवर पालथं टाकून केलेले स्कॅन: एका शीटवर दोन पानं, मधे काळी पट्टी. इथे ब्रिस हा पीडीएफची पानं कापायचा मोफत प्रोग्रॅम वापरा. तो सगळी सम पानं एकावर एक रचून दाखवतो, विषमही तशीच. त्यावर दोन चौकोन आखले की प्रत्येक शीटची दोन पानं होतात. चौकोन थोडे सैल ठेवा, कारण स्कॅन करताना पुस्तक सरकलेलं असतंच आणि ओळींची टोकं कापली जातात. असा स्कॅन म्हणजे नुसती चित्रं, त्यामुळे ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणं) केल्याशिवाय हायलाइट, शोध, शब्दकोश यातलं काहीच चालत नाही.

ही कापाकापी वाचायला घेण्याआधीच उरका. हायलाइट त्या विशिष्ट फाइलला चिकटलेले असतात. नंतर सुधारलेली फाइल टाकली तर ते तिच्यावर येतीलच असं नाही.

नावांची शिस्त सोपी आहे: आधी आठवड्याचा क्रमांक, मग लेखक, मग विषय. क्रमांक ०१, ०२ असेच लिहा, नाहीतर १ च्या पाठोपाठ १० येतो. काही ई-रीडर फाइलच्या नावाऐवजी आतलं शीर्षक दाखवतात, म्हणून कॅलिबरमध्ये शीर्षकही तेच भरा. कोर्सला एकच कलेक्शन, म्हणजे ई-रीडरवरचा पुस्तकांचा एक गट, पुरे. 'लेख', 'नोट्स', 'प्रश्नपत्रिका' असे कप्पे केले की एका आठवड्याचं साहित्य तीन ठिकाणी विखुरतं. किंडल तुमचे फोल्डर जुमानत नाही, केबलनं टाकलेल्या फायलींचं कलेक्शन त्याच्यावरच करावं लागतं.

किंडलवरचे हायलाइट माय क्लिपिंग्ज या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये जमा होतात, सगळ्या पुस्तकांचे एकत्र, काळाच्या क्रमानं. पुस्तकातून खोडलेलेही तिथे राहतात. दर आठवड्याला ती फाइल कॉम्प्युटरवर उतरवा आणि लगेच विषयवार लावा. परीक्षेच्या तोंडावर ते होत नाही.

आणि हो, सगळ्या सत्राच्या फायली एकदम टाकू नका. ई-रीडर त्या शोधासाठी आतून वाचत बसतो, तोवर बॅटरी भराभर उतरते आणि पानंही सावकाश उलटतात. दहा-दहाच्या गठ्ठ्यानं टाका, आणि मोठा गठ्ठा असेल तर चार्जर लावूनच.